ताप आला नव्हता

आत्या, काल पेणला नदीवर तुझा दहावा झाला. रोह्याला तुझ्या कबरीवर तुझ्या ख्रिस्ती उपासनेतल्या लोकांनी वाहिलेली फुलं अजून तिथेच असतील, आणि इकडे बाबा सोवळं नेसून तुझ्या नावाने पिंड ठेवत होते. तुला कोणी विचारलं नाही. जिवंतपणी तरी कोणी काय विचारलं होतं म्हणा.

मला राग आला आहे. तू असतीस तर चहाचं आधण ठेवलं असतंस, मला कॉटवर बसवलं असतंस आणि म्हणाली असतीस, "बोल गो प्राची, तोंडात काय लाडू धरून बसलीस?" आता ते म्हणणारं कोणी नाही, म्हणून लिहिते आहे. मराठीत लिहिते आहे, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, माझ्याबद्दल लिहितेस आणि मलाच कळू देत नाहीस. शाळेने मला मराठी जेमतेम शिकवलं. चुकलं तर हस, पण वाच.

मला आठवतं तेव्हापासून मी तुझ्या उजव्या बाजूला बसत आले. आमच्या घरात तो नियमच होता. तू रोह्याहून आलीस की आई मला बाजूला घेऊन सांगायची, "आत्याच्या या अंगाला बस, डाव्या कानाने तिला ऐकू येत नाही. लहानपणी ताप आला होता तिला." बाबा तेच सांगायचे, दुसऱ्या गावी वाढलेले चुलत काका तेच सांगायचे, बाबांच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती ठरवायला येणाऱ्या गिऱ्हाइकांनासुद्धा तेच सांगितलं जायचं. मला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. ताप कोणालाही येतो.

उलट मला तुझा तो कान सोयीचा होता. वर्गात माझा आवाज निघत नसे. टीचर माझ्या प्रगतीपुस्तकावर दर वर्षी एकच शब्द लिहायच्या, क्वायट, आणि घरी पाहुणे म्हणायचे, "इंग्लिश मीडियमची ना, तिला आपल्याशी बोलायला नको वाटतं." तसं नव्हतं. मला कोणाशीच बोलता येत नव्हतं. पण तुझ्याशी हळू बोलून चालतच नसे. तुझ्याशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागायचं, आणि ओरडता ओरडता मला कळलं की मला आवाज आहे. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाली असतीस, "काय? जरा मोठ्यानं सांग."

बाबांच्या कारखान्यात तू आलीस की आधी मूर्तींच्या रांगेतून फिरायचीस. हात मागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखी. एखाद्या मूर्तीपाशी थांबायचीस आणि म्हणायचीस, "दादा, ह्याचा डावा डोळा झोपलाय." बाबा लगेच कुंचला उचलायचे. मी एकदा तुला विचारलं होतं, तू तर आता येशूला मानतेस, मग गणपतीच्या डोळ्यांकडे कशाला बघतेस? तू म्हणालीस, "मी कारागिरी बघते गो. हात सुटला तरी नजर सुटत नाय." तुझ्या उपासनेतल्या काही जणांना हे आवडत नसे, आणि आमच्या गल्लीतल्या काही जणांना तुझं रांगेतून फिरणं आवडत नसे. तू दोघांनाही उत्तर दिलं नाहीस. तुझा हात कसा सुटला ते मात्र मला तेव्हा माहीत नव्हतं. लग्न झालं, म्हणून सुटला असेल असं मला वाटायचं.

मग मला रोह्याला नोकरी लागली, पेणहून रोज जाऊन-येऊन. कंपनीच्या ऑफिसात, बिलं तपासायची. तू दुसऱ्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या करायचीस. सकाळची शिफ्ट संपवून तू खोलीवर यायचीस आणि मी जेवायच्या सुट्टीत तुझ्याकडे. आपण एका ताटात जेवायचो. तू मला काळ्या कव्हरच्या बायबलमधला एखादा भाग मोठ्याने वाचायला लावायचीस, कारण तुला चष्मा सापडत नसे. चष्मा तुझ्या डोक्यावर असायचा. मी जोडाक्षरांवर अडखळले की तू हसायचीस, "एवढी फी भरलीन दादानं, आणि 'विश्वास' वाचता येत नाय."

शाळेत आम्ही रोज सकाळी रांगेत उभं राहून, डोळे मिटून, इंग्रजीत प्रार्थना म्हणायचो. ती मला पाठ होती, पाढ्यांसारखी. त्या प्रार्थनेत क्षमेची एक ओळ आहे, आणि ती ओळ म्हणणाऱ्यालाही दुसऱ्याला माफ करायला सांगते, हे मला तुझ्या खोलीत, आमटी-भाताच्या ताटासमोर कळलं. तीच प्रार्थना मराठीत वाचताना मी त्या ओळीवर थांबले. तू जेवता जेवता म्हणालीस, "तिथंच सगळे थांबतात."

घरी फक्त एवढंच माहीत होतं की मी रविवारी आत्याकडे जाते. तू मला उपासनेला कधी ओढलं नाहीस. एका रविवारी तू निघालीस आणि मी मागून आले, एवढंच. हार्डवेअरच्या दुकानावरची ती खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, ढोलकी, खिडकीतून येणारा रिक्षांचा आवाज. गाणी झाली आणि पाळकांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. साक्ष म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं कोर्टातलं काहीतरी. मग एकेक जण उठून आपल्या आयुष्यात देवाने काय केलं ते सांगू लागलं. एका आजीचा गुडघा बरा झाला होता. एकाचा मुलगा कंपनीत परमनंट झाला होता. सगळे आमेन म्हणत होते आणि मी मागच्या रांगेत खिडकीकडे बघत होते.

मग तू उठलीस.

"माझा डावा कान नवऱ्याच्या हातानं गेला," तू म्हणालीस. चपातीचं पीठ किती घ्यायचं ते सांगावं तशा आवाजात. "पहिल्यांदा मारलंन तेव्हा मी माहेरी आले. कानातून रक्त येत व्हतं. दादाच्या कारखान्यात सीझन व्हता. दादानं ठेवून घेतलंन. त्या वर्षी समद्या गणपतींचे डोळे मी काढले. विसर्जन झालं, आणि दादानं मला परत सासरी, कोलाडच्या गाडीत बसवलंन. मी म्हटलं, दादा, मी वर्षभर माती मळीन, पण मला पाठवू नको. दादा म्हणाला, लोक काय म्हणतील. त्याच्यानंतर कान गेला तो गेलाच. मी नवऱ्याला माफ केलंय, दादाला पण केलंय. प्रभूनं मला केलं म्हणून."

एवढं बोलून तू बसलीस. लोक आमेन म्हणाले. शेजारच्या बाईने तुला पाण्याची बाटली दिली. आणि मी मागे बसले होते, जिला जन्मभर सांगितलं होतं की ताप आला होता.

डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी होते, आणि ती कोणाच्याही हाताला जमत नाही, हे कारखान्यात वाढलेल्या मला कळतं. सीझन तोंडावर आला की आखणी करणारा माणूस सोन्यासारखा जपतात. त्याला गरम जेवण, त्याला पंखा. बाबांनी तुला तसंच जपलं असणार. तुझ्या कानाला कापूस लावला असेल, दवाखान्यातही नेलं असेल. आणि शेवटचा गणपती बुडाल्यावर तुला परत त्या घरात पाठवलं. तुला मारलं ते नवऱ्याने, ते मी समजू शकते, म्हणजे समजू शकत नाही, पण तो परका होता. सीझनभर तुझा हात वापरून घेणारे माझे बाबा होते.

त्या दिवशी खोलीवर आल्यावर मी तुझ्याशी जितकी भांडले तितकी आयुष्यात कोणाशी भांडले नाही. खरं तर भांडायला मी तुझ्याकडेच शिकले.

"कोणी सांगितलं होतं तुला माफ करायला? त्यांनी मागितली तरी होती का माफी?"

"नाय मागितलीन."

"मग?"

"मग काय? मी सांगितलं त्याला." तू स्टोव्हला पिन मारत होतीस. "कारखान्यात गेले. म्हटलं, दादा, तू मला परत पाठवलंस, माझा कान गेला. मी तुला माफ केलंय."

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाला, चहा घेणार?"

तू हसायला लागलीस. "चांगला व्हता गो चहा. आलं घातलं व्हतं."

मला तेव्हा तुझं हसणं सहन झालं नाही, आणि आजही होत नाही. मी म्हटलं, तू त्यांना फुकटात सोडलंस. तू म्हणालीस, सोडलं म्हणजे झालं नाय असं म्हटलं काय मी? झालंच ते. मी म्हटलं, मग ते अजून सगळ्यांना ताप म्हणून का सांगतात? यावर तू स्टोव्ह पेटवलास. मग म्हणालीस, "ते त्याचं हाय. माझं नाय."

आपला वाद तिथे थांबला आणि नंतर कितीदा तरी तिथूनच पुन्हा सुरू झाला. तू मला सांगितलंस की नवऱ्याच्या घरातून निघालीस तेव्हा तू पेणला आली नाहीस, रोह्याला उतरलीस. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत रत्नाबाई भेटल्या. त्यांनी नाव विचारलं. तू नवऱ्याचं आडनाव लावून त्याची बायको म्हणून सांगितलंस. त्या म्हणाल्या, "त्याचं नाय इचारलं. तुझं काय?" तुला सांगायला वेळ लागला. तोवर तू कोणाची तरी बायको होतीस, कोणाची तरी बहीण होतीस, आणि गावाच्या तोंडी टाकलेली होतीस. सुनंदा अशी हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. रत्नाबाईंनी तुला त्यांच्या खोलीवर नेलं आणि पहिल्या रविवारी उपासनेच्या त्या वरच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं, ही सुनंदा. तू म्हणायचीस, "मला काय शास्त्र कळलं म्हणून मी गेले नाय. तिथं मी सुनंदा व्हते, म्हणून गेले. बाकी मागून कळलं."

मागून काय कळलं ते तू एकदाच बोललीस. तू रोज नवऱ्याचं मरण मागत होतीस. सकाळी उठून, तोंड धुवायच्या आधी. तो मेला, आणि तुला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. "मी पण तशीच व्हते प्राची. माझा हात नव्हता एवढंच." तुला त्या मागण्याची देवाकडून क्षमा हवी होती, आणि ती तुला मिळाली असं तुला मनापासून वाटत होतं. तू बाप्तिस्मा घेतलास त्या दिवसाबद्दल बोलताना तुझा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलं आहे. मी त्याची चेष्टा करणार नाही. पण मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते, मार खाणाऱ्या बाईने मारणाऱ्याचं मरण मागणं आणि मारणं ही एकच गोष्ट नाही. तू म्हणालीस, देवाच्या दारात मी माझंच घेऊन जाणार, दुसऱ्याचं कसं नेऊ? याचं उत्तर मी अजून शोधते आहे. तू थोडी थांबली असतीस तर सुचलं असतं.

तुला पुरलं त्या दिवशी बाबा आले. खरं सांगायचं तर ते रडले. खोटं रडले असं मी म्हणणार नाही. त्यांनी माती टाकली, हात जोडले, आणि मग पाळकांनी कोणाला बोलायचं आहे का विचारलं तेव्हा माझ्या आधी ते पुढे झाले. म्हणाले, "आमची सुनी फार मोठ्या मनाची. भाऊ म्हणून माझ्याकडून काय कमीजास्त झालं असेल, पण तिनं मला सगळं माफ केलं." लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी हुंदका दिला.

कमीजास्त. मीठ कमीजास्त होतं, आत्या.

परत जाताना बाबा तेच रत्नाबाईंना सांगायला लागले, की तिनं मला माफ केलं म्हणून. रत्नाबाई काठीवर हात ठेवून म्हणाल्या, "व्हय, केलंन. कशाकशाचं केलंन ते मला ठाव हाय." बाबांनी घड्याळ बघितलं आणि गाडीकडे गेले. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

घरी आल्यावर बाबांनी जाहीर केलं की दहावा करायचा. "तिकडे त्यांनी त्यांचं केलं. आपल्या घरातली मुलगी आहे, आपलं नीट व्हायला पाहिजे." मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं, त्यांच्या मनाचं समाधान." त्यांच्या मनाचं. नदीवर आमच्याकडे बायका सहसा जात नाहीत, पण काल सकाळी मी गाडीत जाऊन बसले आणि कोणी मला उतर म्हणालं नाही. गप्प मुलीचा तेवढा एक फायदा असतो, तिला लोक धरत नाहीत.

गुरुजींनी सगळं केलं. पिंड पानावर ठेवले आणि आम्ही मागे सरलो. समोरच्या भिंतीवर कावळे बसले होते. एक खाली उतरला, पानाभोवती फिरला, आणि परत वर जाऊन बसला. कावळा पिंडाला शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाचं काहीतरी राहिलं आहे, असं आमच्याकडे मानतात. मग नातेवाईक एकेक करून त्याला वचन देतात. तू हे मानत नव्हतीस. पण ते मानत होते, आणि तेच महत्त्वाचं आहे. ते खरोखर मानत होते की तू तिथे भिंतीवर बसून ऐकते आहेस.

काका पुढे झाले. "सुने, तुझी खोली आम्ही नीट आवरू, सामान वाया जाऊ देणार नाय. जेव."

कावळा बसून राहिला.

"तुझ्या प्रार्थनावाल्यांना कोणी काही बोलणार नाय. जेव बाय."

काही नाही.

"भाचीत जीव होता तिचा," कोणीतरी म्हणालं. लगेच काका माझ्याकडे हात करून म्हणाले, "प्राचीचं लग्न चांगल्या घरात करू. मुंबईचा मुलगा बघू. जेव."

कावळ्याने पंख साफ केले. माझं लग्न तुलाही नको होतं, निदान तेवढ्यावर तरी आपलं एकमत होतं.

ऊन वर आलं होतं. बाबांच्या उघड्या पाठीवर घाम होता. ते पुढे होऊन पुटपुटले, "सुने, सगळं नीट करीन. जेव." काय नीट करणार ते त्यांनी सांगितलं नाही. मग काका, थट्टेत नव्हे, अगदी काळजीने, बाबांना म्हणाले, "अरे, मोठ्यानं बोल. तिला कमी ऐकू यायचं ना. लहानपणी ताप आला होता."

"ताप आला नव्हता," मी म्हटलं.

मला वाटतं मी मोठ्याने बोलले, कारण तुझ्याशी बोलायची तीच सवय होती. सगळे वळले. काकांना कळलं नाही. "काय गो?" ते म्हणाले.

"आत्याला ताप आला नव्हता. तिचा कान नवऱ्याने मारल्यामुळे गेला. त्याच्या आधी ती इथे आली होती. सीझनभर इथे होती. मग तिला परत पाठवलं."

गुरुजी पळी पुसत राहिले. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिनं मला माफ केलेलं आहे. तुझं मधेच काय?"

"काय माफ केलं, ते सांगा," मी म्हटलं. "सगळ्यांना सांगा. मग ती जेवेल की नाही ते बघू."

मी हे असं बोलले यावर माझाच विश्वास बसत नाही. कावळा शिवला म्हणजे तू जेवलीस हे मीही मानत नाही. पण ते मानत होते ना? त्यांच्या हिशेबाने तू समोर होतीस, भुकेली होतीस, आणि एका वाक्यावर अडली होतीस. ते एक वाक्य बोलायला बाबांना काय लागलं असतं? माझी खात्री आहे की काकांनी नंतर त्यांना मिठी मारली असती. लोक इतके वाईट नसतात.

बाबा गुरुजींना म्हणाले, "उशीर होतोय. दर्भाचा करा."

गुरुजींनी दर्भाच्या काड्या वळून, गाठ मारून एक कावळा केला, तसाही करतात, आणि तो पिंडाला टेकवला. झालं. सगळे पाय धुवायला गेले. खरा कावळा भिंतीवरच होता. त्यांना तुझी भूक गवताने भागवलेली चालली, पण ते वाक्य बोलणं चाललं नाही. आत्या, तुला परत पाठवलं याच्याहून मला याचा जास्त राग आहे. ते तेव्हा घाबरले असतील. तरुण होते, आजी-आजोबा होते, गल्ली होती. काल ते कोणाला घाबरले?

दुपारी जेवणावळ झाली. माझ्याशी कोणी बोललं नाही, फक्त काका हात धुताना शेजारी येऊन हळूच म्हणाले, "खरं हाय काय ते?" मी म्हटलं, बाबांना विचारा. ते म्हणाले, "त्याला कसं विचारू?" आणि निघून गेले.

संध्याकाळी बाबा कारखान्यातून आत आले. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चारचौघांत बोललीस." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "गाडीत बसताना ती रडली नाही. मला वाटलं, नसेल एवढं." इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदा बोलले. मला माहीत आहे तू असतीस तर एवढ्यावर त्यांच्या डोक्यावर हात ठेवला असतास. मी नाही ठेवला. मी म्हटलं, "मला नका सांगू. काकांना सांगा. जे सकाळी नदीवर होते त्यांना सांगा." ते उठून गेले.

आज रविवार. सकाळी मी तयार झाले. आजवर मी फक्त "जाते" म्हणायचे आणि कोणी कुठे विचारत नसे. आज तू नाहीस, तेव्हा आत्याकडे जाते असं म्हणता येत नव्हतं. आई भाजी निवडत होती, तिने मान वर केली. बाबा दारात पेपर घेऊन बसले होते.

"कुठे निघालीस?"

"रोह्याला. उपासनेला."

मी त्यांना सांगितलं की मी जाते आहे, जात आले आहे, आणि जाणार आहे. तिथे मला आत्याची भाची म्हणून कोणी ओळखत नाही, प्राची म्हणून ओळखतात. बाप्तिस्मा घ्यायचा की नाही हे मी ठरवलेलं नाही. ठरवलं तर सांगेन, लपवून घेणार नाही. मी काय मानते हे मलाच अजून नीट माहीत नाही, बाबा, पण मी कोणाकडे मागते आहे ते मला माहीत आहे. हे सगळं मी मराठीत म्हटलं, न अडखळता.

बाबांनी पेपर घडी केला. त्यांनी त्या घडीवरून बोट फिरवलं.

"लोकांनी विचारलं तर काय सांगू?"

"मुलगी उपासनेला गेली म्हणून सांगा."

"आणि," ते थांबले. आईने भाजी निवडायची थांबवली. "आणि सुनीचं विचारलं तर?"

उत्तर मला येत होतं. माझ्या जिभेवर होतं. आयुष्यभर वर्गात उत्तर येऊनही मी गप्प बसले, पण आजचं गप्प बसणं वेगळं होतं. ते उत्तर माझ्या तोंडून येऊन उपयोग नव्हता.

"ते तुम्हाला माहीत आहे," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

कोपऱ्यापर्यंत मी मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला त्यांची कीव आली असती, आणि कीव येऊन त्यांना सोडून द्यायचं मला नव्हतं. तू त्यांना तसं सोडलं नव्हतंस, हे मला आता कळतं आहे. तू आधी कारखान्यात उभी राहून त्यांना तोंडावर सगळं सांगितलंस, आणि मग सोडलंस. चहा त्याच्या नंतरचा होता. मी उगीचच तुझ्यावर इतकी रागावले.

मलाही त्यांना तसंच सोडायचं आहे. त्यांनी ते वाक्य म्हटलं तर म्हटल्यावर, आणि नाहीच म्हटलं तर त्याशिवाय. पण आज नाही, आत्या. आज मला खूप राग आहे, आणि तो घेऊनच मी उपासनेला आले आहे.